सांभाळ

अनाथ मुलांच्या गोष्टींना आपल्याकडे रक्ताची फार घाई असते. ‘अमर अकबर अँथनी’मध्ये (१९७७) तर तीन भावांचं रक्त नळ्यांमधून थेट आईपर्यंत पोचतं, ते तिचेच मुलगे आहेत हे कळायचं तेवढं बाकी राहतं. मूल हरवतं, खूण पटते, मिठी पडते, गोष्ट संपते. क्लेअर कीगन या आयरिश लेखिकेची ‘फॉस्टर’ (२०१०) ही जेमतेम शंभर पानांची कादंबरी नेमकी उलट्या दिशेने जाते. पोरकेपणाबद्दल इतकं खरं बोलणारं पुस्तक मी क्वचितच वाचलंय. आणि त्यातली मुलगी अनाथ नाहीच.

काळ १९८१चा उन्हाळा, जागा आयर्लंडमधलं वेक्सफर्ड. घरात पोरांचं लेंढार, आई पुन्हा गरोदर, बाप पत्त्यांत गाय हरलेला. एक तोंड कमी व्हावं म्हणून या मुलीला आईच्या नात्यातल्या किन्सेला नवरा-बायकोकडे ठेवतात. बाप तिला सोडून निघून जातो. तिचे कपडे गाडीतच राहतात. पोरकं व्हायला आईबाप मरावे लागत नाहीत, हे कीगन एवढ्यात दाखवून मोकळी होते.

‘फॉस्टर’ला मराठीत काय म्हणावं, यावर मी बराच वेळ अडले होते. ‘दत्तक’ नाही, कारण कायद्याने काहीच बदलत नाही. ‘आश्रित’ तर नाहीच. मग ‘सांभाळ’ सापडला, तोही एका प्रसंगामुळे. पहिल्याच रात्री मुलगी गादी ओली करते. सकाळी बाई ते बघते आणि सगळा दोष जुन्या गादीवर ढकलते. मराठीत आपण मूल सांभाळतो आणि कुणाची चूक सांभाळून घेतो. इथे दोन्ही एकाच वेळी होतं. मुलीला माफीसुद्धा मागावी लागत नाही.

किन्सेला तिला रोज पत्रपेटीपर्यंत धावायला लावतो आणि वेळ मोजतो. वरवर खेळच. पण घरी जिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, तिच्या परत येण्याची आता कुणीतरी सेकंदा-सेकंदाने वाट बघतंय.

इथवर गोष्ट गोड आहे, आणि इथेच कीगन एक खडा टाकते. मुलीच्या अंगावर मुलाचे कपडे आहेत, तिच्या खोलीच्या भिंतीवर आगगाड्यांचा कागद आहे. पुढे एका शेजारणीच्या भोचकपणामुळे तिला कळतं, की या जोडप्याचा मुलगा शेणाच्या खड्ड्यात बुडून गेला. मग हे प्रेम नक्की कुणासाठी? तिच्यासाठी, की रिकाम्या जागेसाठी? हे कळल्यावर मागची पानं पुन्हा वाचावीत. तिला त्या कपड्यांत बाहेर न्यायला किन्सेला तयार नव्हता. म्हणून ते तिला घेऊन शहरात गेले होते आणि तिच्या मापाचे नवे कपडे घेतले होते. उत्तर त्या खरेदीत आहे. दुःख तसंच आहे, पण ते तिच्या अंगावर चढवायचं नाही, हे त्यांनी ठरवलंय.

कॉल्म बॅरेडचा ‘द क्वाएट गर्ल’ (२०२२) हा यावरचा चित्रपट. ऑस्करच्या आंतरराष्ट्रीय विभागात नामांकन मिळालेला हा आयरिश भाषेतला पहिला चित्रपट. त्यात एक सुंदर भर आहे: किन्सेला दांपत्य आयरिश बोलतं आणि बाप इंग्रजी. कोण आपलं, हे मुलीच्या कानांनाच कळतं. पण माझी तक्रारही बापाबद्दलच आहे. चित्रपट त्याला जास्त काळा रंगवतो, त्यामुळे आपला निवाडा सोपा होतो. पुस्तकातला बाप दुष्ट नाही, नुसता बेफिकीर आहे. अशी माणसं आपल्या ओळखीत निघतात, म्हणून तो जास्त बोचतो.

उन्हाळा संपतो, शाळा उघडायची वेळ होते, पत्र येतं, मुलीला परत जावं लागतं. किन्सेलांचा तिच्यावर कसलाच हक्क नाही. सांभाळ करणाऱ्याचा नसतोच. शेवटी ती धावत सुटते, त्यांच्याकडे. त्या धावण्यात उन्हाळाभराचा सराव आहे. किन्सेलाच्या गळ्यात पडलेली असताना मागून बाप चालत येताना तिला दिसतो आणि ती बापाला मारायची हाक मारते. त्या दोघांपैकी कुणाला, हे कीगन सांगत नाही. मी प्रत्येक वाचनात उत्तर बदललंय. तुम्ही एका बैठकीत वाचून काढाल. मग मला सांगा, तुम्हाला ती हाक कुणासाठी ऐकू आली.