‘एक कोयता’ आणि दोन माणसें

दिवाळी सरली म्हणजे वऱ्हाडांतून आणि मराठवाड्यांतून उंसाच्या फडांकडे बिऱ्हाडें हालूं लागतात. गेल्या वर्षीं त्याच सुमारास मेहकर तालुक्यांतील जानेफळ येथें एका स्नेह्यांकडे आमचा मुक्काम होता. सकाळीं फिरावयास निघालों असतां रस्त्याच्या कडेला सामान मांडून गाडीची वाट पाहत बसलेलीं कांहीं कुटुंबें दिसलीं. किती जण निघालां, असें आम्हीं सहज विचारिलें. एका गृहस्थानें उत्तर दिलें, “तीन कोयते हायेत, सायेब.” आम्हीं मोजून पाहिलें, तों पुरुष तीन आणि बायकाहि तीन, लेंकरें निराळीं. आम्हीं आपली शंका बोलून दाखवितांच त्यांतील एक बाई हंसून म्हणाली, “आमी त्याच्यातच आलो, भाऊ.”

या धंद्यांत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामापूर्वीं मुकादम उचल देतो ती जोडीची. पण बोलणें होतें पुरुषाशीं आणि पैसा पडतो तोहि बहुधा त्याच्याच हातीं. बाई ऊंस तोडते, मोळ्या बांधते, त्या डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते; आणि या सर्वांच्या आधीं, रात्र सरण्यापूर्वीं उठून कोपीपुढें चूल पेटविते. एखाद्या दिवशीं अंथरुणावर पडून राहिली तर खाडा धरला जातो. मजुरी टनावर मिळते. त्या टनांत तिचा भाग किती, हें मुकादमाच्या वहींत कोठेंहि लिहिलेलें नसतें.

उचलीचा हिशेब हा आमचा विषय नव्हे. आम्ही वाङ्मयाचे शिक्षक. परंतु जानेफळहून परततांना एक प्रश्न आमच्या मनांत घोळत राहिला. मुकादमाचें सोडा, मराठी वाङ्मयानें तरी या बाईची गणना वेगळी केली आहे काय?

गांव सोडण्याचें दुःख मराठींत ज्या रचनेनें घरोघर पोंचविलें ती अण्णाभाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड. नायक पोटासाठीं मुंबईस येतो, मैना मागें राहते. आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळींत तीच मैना मराठी मुलखाचें रूपक होते. विरहाचें असें लोकव्यापी रूपांतर दुसऱ्या कोणास साधलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. तथापि रूपक जसजसें विशाल होत जातें तसतशी बाई त्याच्या आड जाते. ती वाट पाहते. निघत नाहीं आणि बोलतहि नाहीं. आमच्या बुलढाणा जिल्ह्याचेच सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ (२००२) या कादंबरींत कोरडवाहू शेती माणसाला कशी उखडून टाकते याचें विदारक दर्शन आहे, आणि २००४ सालीं साहित्य अकादमीनें तिचा गौरव केला तो यथार्थच होता. पण तिचेंहि केंद्र शेतकऱ्याचा शिकलेला मुलगा हेंच.

बायका मुक्याच राहिल्या असें मात्र कोणी समजूं नये. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांच्या परिश्रमानें जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह झालेला आहे. सासर-माहेर हा त्यांतील अखंड विषय. आणि सासरीं जाणें हेंहि स्थलांतरच. आपल्या देशांत घर सोडलेल्या स्त्रियांची गणना केली तर विवाह हेंच त्याचें सर्वांत मोठें कारण ठरतें, असें २०११ ची जनगणनाहि सांगते. पण ओवीला जातें लागतें, आणि जातें घरांत एका जागीं रोवलेलें असतें. जी बाई सहा महिने कोपींत काढते तिनें तें कोठें न्यावें? फडावर पीठ गिरणीचें.

फिरस्त्यांचें जिणें ग्रंथांत आलें तें लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ (१९८०) पासून. त्यामागून दादासाहेब मोरे यांचें ‘गबाळ’ (१९८३) आलें. दोन्ही पुस्तकें आम्ही मोठीं मानतों. मात्र दोहोंचा कणा शाळा हा आहे: मुलगा शिकला, आणि शिकला म्हणून त्यानें मागें वळून पाहिलें. आई त्यांत आहे, आणि तिच्याविषयींची करुणाहि अपार आहे. परंतु तिचें काम वाक्याच्या एखाद्या कोपऱ्यांत उरकलें जातें.

जनाबाई गिऱ्हे यांची ‘मरणकळा’ (१९९२) आणि विमल मोरे यांची ‘तीन दगडांची चूल’ (२०००) वाचतांना फरक कळतो. विमलताई या ‘गबाळ’कारांच्या सहधर्मचारिणी. एकाच घरांत दोन आत्मकथनें लिहिलीं गेलीं, तेव्हां नुसतीं नांवेंच शेजारीं ठेवून पाहावींत. गबाळ म्हणजे पाठीवर घेऊन चालावयाचें ओझें. तें मुक्कामीं पोंचलें कीं खालीं ठेवतां येतें. तीन दगडांची चूल मुक्कामीं पोंचल्यावरच सुरू होते. पतीच्या पुस्तकाला जेथें विसांवा मिळतो तेथें पत्नीच्या पुस्तकांतील दिवसाचा दुसरा भाग उघडतो. मांडणीच्या दृष्टीनें ‘गबाळ’ अधिक सुघड आहे, हें आम्ही मान्य करतों. विमलताईंचें लेखन एका बाईकडून दुसऱ्या बाईकडे वळत राहतें. पण तें वळणें हा दोष नसून दृष्टि आहे, असें आमचें मत होत चाललें आहे.

सरकारी अहवालाचें काम वाङ्मयानें कां करावें, असा आक्षेप येईल. आमचें म्हणणें उलट आहे. २०१९ सालीं बीड जिल्ह्यांत सुमारे ८२ हजार ऊंसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हां १३ हजारांहून अधिक जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. खाड्याची धास्ती हें त्याचें एक कारण म्हणून पुढें आलें. तो आंकडा वाचून सुशिक्षित महाराष्ट्र हादरला. हादरला, कारण त्यापूर्वीं अशा एकाहि बाईशीं त्याची ग्रंथांतून ओळख झालेली नव्हती.

आमच्या वर्गांत अशा कुटुंबांतील एक विद्यार्थिनी होती. फडावरच्या दिवसांवर तिला आम्हीं निबंध लिहावयास सांगितलें. तिनें दोन पानें लिहून आणलीं. त्यांत सर्वत्र ‘आम्ही’: आम्ही उठलों, आम्ही मोळ्या बांधल्या, आम्हांला ताप आला. आत्मनिवेदन प्रथमपुरुषी एकवचनीं असावें, या नियमानें आम्हीं तांबड्या शाईनें ते शब्द खोडून वर ‘मी’ लिहिलें. वही घेऊन ती निमूटपणें गेली. मासिकांतून ‘आम्ही’ लिहिण्याची आमची रीत जुनी आहे. तिच्या ‘आम्हीं’त तिची आई होती, हें तेव्हां ध्यानांत आलें नाहीं. त्या दुरुस्त्या योग्य होत्या कीं नाहींत, याविषयीं आमचा अजून निर्णय झालेला नाहीं.