दर्या की दऱ्या?

मराठीतल्या बहुतेक लेखन-कार्यशाळांचं वेळापत्रक न बघता सांगता येतं. सकाळी दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ. मग ‘कविता म्हणजे काय’ यावर तासभर भाषण आणि चहा. जेवणानंतर शिबिरार्थींनी एकेक रचना वाचायची, मान्यवरांनी दोन-दोन वाक्यांत अभिप्राय द्यायचा, संध्याकाळी प्रमाणपत्रं आणि ग्रुप फोटो. अशा चार-पाच कार्यशाळांना मी गेले आहे. तिथे भेटलेली माणसं आवडली, एक-दोन भाषणं अजून आठवतात. तरी दर वेळी एक गोष्ट खटकत राहिली. लिहिण्याच्या कार्यशाळेत दिवसभर कागदाचं काही कामच नसतं. लिहिलेलं ऐकलं जातं, त्याला टाळ्या पडतात आणि ते परत पिशवीत जातं. पानावर ते कसं उभं राहतं, हे बघायची वेळ कुणावर येत नाही.

पुस्तक बनवायच्या कार्यशाळा वेगळीकडे होतात. सुलेखनाचे वर्ग असतात, हाताने वही शिवायला शिकवणारे असतात, तिथे कागद आणि दोरा भरपूर असतो. पण शिवलेल्या वहीत लिहायचं काय, हा प्रश्न तिथे गैरलागू. सुलेखनाला बहुधा अभंगाची एखादी ओळ किंवा सुविचार घेतात. म्हणजे एकीकडे मजकूर आहे आणि पान नाही, दुसरीकडे पान आहे आणि मजकूर उसना. ही फाळणी मराठीत फार जुनी नाही आणि ती आपल्या लिहिण्याला महाग पडते आहे, असं माझं म्हणणं आहे.

मी भाईंदर पूर्वेला इंद्रलोकमध्ये राहते आणि मालाडला एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते. आमच्या भागातली बरीच मराठी घरं गिरगाव, लालबाग, परळच्या चाळींतून इकडे आली. येताना मंडळं, भजनं, दिवाळी अंकांची सवय घेऊन आली. वाचनालय मात्र प्रत्येक नाक्यावर मिळालं नाही. लिहिणारी माणसं आहेत. ती लोकलमध्ये मोबाइलवर लिहितात आणि व्हॉट्सॲपवर पाठवतात. त्यांतले आम्ही दहा-बारा जण महिन्यातून एका रविवारी एका सोसायटीच्या हॉलमध्ये जमतो. सुरुवातीला आम्हीही वाचन आणि अभिप्राय एवढंच करायचो. गेल्या वर्षी ठरलं की ज्याने त्याने आपल्या लेखनाची सोळा पृष्ठांची पुस्तिका स्वतः करायची. चार ए-फोर कागद, मधोमध घडी, सुईदोरा. बाकी काही नाही.

पहिल्याच बैठकीत एक निवृत्त काका सह्याद्रीवरची कविता घेऊन आले होते. ही कविता आम्ही आधी दोनदा ऐकली होती आणि दोन्ही वेळा दाद दिली होती. या वेळी ती कागदावर छापून आली, तेव्हा शेजारच्या ताईंनी विचारलं, “काका, कड्याच्या खाली एकदम समुद्र कुठून आला?” काका म्हणाले, “समुद्र कुठाय? दऱ्या म्हटलंय मी.” म्हटलं दऱ्याच होतं, छापलं होतं ‘दर्या’. मोबाइलच्या कळफलकावर ‘र’ला हलन्त देऊन ‘य’ जोडला की रफार येतो. दऱ्यांमधला तो आडवा, पापणीसारखा र हवा असेल, तर त्यासाठी ‘ऱ’ हे वेगळं अक्षर घ्यावं लागतं. हिंदीला त्याची गरज पडत नाही, मराठीला पडते. कानाला ही चूक कधीच सापडली नसती, कारण काका दर वेळी बरोबरच वाचत होते.

ही नुसती शुद्धलेखनाची गोष्ट आहे, असं कुणी म्हणेल. पण ‘र्‍य’ नीट करण्यासाठी काकांना आपली कविता पहिल्यांदा परक्यासारखी वाचावी लागली. तसं वाचताना त्यांना दिसलं की तिसऱ्या कडव्यात कडा, कपार, दऱ्या, खोरं असे चार शब्द एकाच कामाला लावले आहेत. ते त्यांनी स्वतःहून कापले. आम्ही अभिप्रायात हे सांगितलं असतं तर वाईट वाटलं असतं. पानाने सांगितलं म्हणून वाटलं नाही.

पुढची अडचण सोळा या आकड्याची. चार कागद मधोमध दुमडले की सोळा पृष्ठं होतात, सतरावं होत नाही. पहिल्या कागदाच्या एका बाजूला १६ आणि १, मागच्या बाजूला २ आणि १५. छापखान्यात सोळा पानांचा फर्मा म्हणतात, त्याचंच हे घरगुती रूप. मुखपृष्ठ, शीर्षक, मागचं पान सोडलं तर उरतात बारा-तेरा. ज्यांच्याकडे एकोणीस कविता होत्या त्यांना सहा काढाव्याच लागल्या. कोणत्या सहा? या प्रश्नावर आमची जेवढी चर्चा झाली, तेवढी ‘कविता कशी वाटली’ यावर वर्षभरात झाली नव्हती. शिवाय कोणती कविता कोणत्या कवितेसमोर येते, हेही दिसायला लागलं. आठवं आणि नववं पृष्ठ एकाच कागदावर, अगदी मधोमध, दोऱ्याच्या दोन बाजूंना येतं. तिथे काय ठेवायचं हे ठरवताना माणसाला आपल्या लिखाणात मध्य कुठे आहे हे शोधावं लागतं.

काकांचं एक पुस्तक याआधी निघालेलं आहे. पैसे घेऊन पुस्तक काढून देणाऱ्या एका प्रकाशकाने ते काढलं. निवृत्तीच्या रकमेतून पैसे गेले. सव्वाशेच्या आसपास कविता होत्या, त्यांतली एकही कुणी काढली नाही. प्रूफं व्हॉट्सॲपवर पीडीएफ म्हणून आली आणि दोन दिवसांत ‘ओके’ मागितला गेला. छापील पुस्तकातही दऱ्यांच्या जागी दर्या आहे. उरलेल्या प्रती पलंगाखालच्या खणात आहेत आणि घरी त्यांचा विषय कुणी काढत नाही. उपनगरात लिहिणाऱ्या माणसापुढे आज साधारण हे दोन रस्ते आहेत: टाळ्यांची कार्यशाळा आणि पैशांचं पुस्तक. दोन्हीकडे त्याचं लिखाण कुणी वाचत नाही. त्याची फसवणूक नुसत्या पैशांची नसते. आपण लेखक झालो असं त्याला सांगितलं जातं आणि लेखक होण्याचा मुख्य भाग त्याच्यापासून काढून घेतलेला असतो.

मराठीत हा भाग लोक कुठे शिकत होते? माझ्या मते, बनवता बनवता. शाळा-कॉलेजांतली हस्तलिखितं आणि भित्तिपत्रकं आठवा. चांगल्या अक्षराचा मुलगा लिहायचा, चित्रवाली मुलगी समास सजवायची, आणि जागा संपली की निबंधाचा शेवट कापला जायचा. संपादन हा शब्द माहीत नसताना संपादन व्हायचं. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि त्यांच्या मित्रांनी पन्नाशीच्या दशकात काढलेलं ‘शब्द’ हे सायक्लोस्टाइल केलेलं होतं. सायक्लोस्टाइल म्हणजे मेणकागदी स्टेन्सिलवर अक्षरं कोरायची आणि त्या कोरलेल्या फटींतून शाई कागदावर उतरवायची. असा अंक काढणाऱ्याला प्रत्येक अक्षराचा खर्च ठाऊक असतो. पुढे साठच्या दशकात अशोक शहाणे यांचं ‘असो’ आणि राजा ढाले, सतीश काळसेकर वगैरेंची अनियतकालिकं आली. ती कोणत्या वाङ्मयीन भूमिकेतून आली, याबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे. ती काढणाऱ्यांनी कागद, छपाई आणि टपाल स्वतःच्या हाताने केलं, आणि त्या कामाने त्यांच्या भाषेवर काही परिणाम केला असेल, याबद्दल फार कमी.

इथे कुणी ‘सत्यकथे’चं नाव पुढे करेल. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना पत्रं लिहून कथा पुन्हा लिहायला लावत. मराठीतली सर्वांत चांगली कार्यशाळा टपालाने चालली आणि तिला सुईदोरा लागला नाही. हा आक्षेप मला गंभीर वाटतो. अनियतकालिकवाल्यांचं ‘सत्यकथे’शी हाडवैर होतं, १९६९ मध्ये त्यांनी तिच्या अंकाची होळी केली. त्यांच्या रागाचं कारण हेच संपादन होतं: कुठल्या भाषेला आत घ्यायचं हे ठरवणारी चाळणी. पण या भांडणात एक गोष्ट दोन्ही बाजूंना समान होती. मौजेचा स्वतःचा छापखाना होता. श्री. पुं.चे बंधू वि. पु. भागवत त्याचं काम बघत. खटाववाडीत संपादकाचं टेबल आणि खिळे जुळवणारे हात एकाच घरातले होते. म्हणजे पत्र लिहिणाऱ्या संपादकालाही शाईचा वास येत होता आणि होळी करणाऱ्यांच्या बोटांनाही शाई होती. आपल्या आजच्या कार्यशाळेत मात्र ना संपादक आहे, ना शाई.

याच परंपरेचा सर्वांत पूर्ण नमुना म्हणजे शहाण्यांचं प्रास प्रकाशन. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ १९७७ मध्ये तिथून आल्या. कोलटकर व्यवसायाने जाहिरातक्षेत्रातले चित्रकार, पुस्तकाच्या रूपाचा विचार हा त्यांच्या रोजच्या कामाचा भाग. त्यांचा पुढचा मराठी संग्रह यायला जवळजवळ पाव शतक गेलं. ‘भिजकी वही’ २००३ मध्ये आली. हायपेशिया, कण्णगी, राबिया, नादेझ्दा अशा देशोदेशींच्या, काळाकाळांच्या रडणाऱ्या बायका त्यात एकत्र येतात. मला त्या पुस्तकाचं नाव कायम थांबवतं. ते भावनेचं नाव नाही, वस्तूचं आहे. आसवांनी भिजलेली वही, आणि मराठी वाचकाच्या मनात लगेच इंद्रायणीत बुडवलेल्या तुकोबांच्या वह्या. वही ही बुडू शकते, भिजू शकते, कुणीतरी ती वाळवू शकतं, हे ज्याला हातांनी कळतं त्यालाच असं नाव सुचेल, असं मला वाटतं.

चित्रे १९७५ मध्ये आयोवाच्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमाला गेले. ज्या विद्यापीठाने टेबलाभोवती बसून एकमेकांची हस्तलिखितं सोलायची पद्धत जगभर पोचवली, ते हे विद्यापीठ. तिथली लेखन-कार्यशाळा १९३६ पासूनची. त्याच विद्यापीठात पुढे कागद, छपाई, बांधणी शिकवणारं पुस्तककेंद्रही उभं राहिलं. आपण त्यांच्याकडून टेबल घेतलं, तेही अर्धंच; सोलण्याच्या जागी सत्कार ठेवला.

माझ्या म्हणण्यातला धोकाही सांगते. पुस्तक बनवायचा नाद लागला की मजकूर मागे पडतो. आमच्याकडे दोघींनी हातकागद आणला, वाळलेली पानं चिकटवली, पुस्तिका देखण्या झाल्या आणि आतल्या कविता तशाच राहिल्या. सुंदर वस्तूला कुणी कठोर बोलत नाही, हा टाळ्यांचाच दुसरा प्रकार. म्हणून आम्ही एक नियम केला: पहिली प्रत साध्या झेरॉक्सच्या कागदावर, आणि ती लेखकाने वाचायची नाही. दुसऱ्याने मोठ्याने वाचायची, छापलंय तसं. दर्या छापलं असेल तर दर्याच.

जुलै २०२५ मध्ये मीरा-भाईंदरला मराठीवरून मोर्चे निघाले, तेव्हा आमच्या भागात भाषा हा घराघरांत बोलण्याचा विषय झाला. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला होता. या दोन्हींबद्दल ज्याचं त्याचं मत असेल. मला त्या दिवसांत मोबाइलवर फिरणारे फलक दिसत होते: मराठीच्या अभिमानाचा मजकूर आणि त्यात हिंदी वळणाचे ल आणि श. राज्य सरकारच्या २००९ च्या निर्णयाने पाकळीचा ल आणि देठाचा श हीच मराठीची रूपं ठरवली आहेत. युनिकोडमध्ये मात्र दोन्ही वळणांना एकच सांकेतांक आहे. फॉन्टमध्ये मराठी रूप असेल आणि मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवलेली असेल, तरच ते आपोआप उमटतं. नाहीतर बऱ्याच फॉन्टांत हिंदीचं रूप येतं. दिवसभर मी ज्या प्रकारचं काम करते त्यात ही दोन मिनिटांची गोष्ट आहे. कार्यशाळेत ती कुणी शिकवत नाही, कारण ती साहित्यात मोडत नाही. विंडोजसाठी ‘मंगल’ हा फॉन्ट घडवणारे र. कृ. जोशी स्वतः कवी होते. अक्षर आणि कविता ही त्यांच्यासाठी दोन खाती नव्हती.

एका दिवसाची कार्यशाळा भरवणाऱ्यांना म्हणून माझं एवढंच सांगणं आहे. भाषण अर्ध्या तासाचं करा. उरलेल्या वेळात प्रत्येकाला चार कागद द्या आणि संध्याकाळी प्रमाणपत्राऐवजी त्याने स्वतः शिवलेली सोळा पृष्ठं दुसऱ्या शिबिरार्थीच्या हातात जाऊ द्या. खर्च हाराहून कमी येतो. आमच्या काकांनी आता तेरा कवितांची पुस्तिका केली आहे, वीस प्रती. त्या वीसही गेल्या. घेणाऱ्यांपैकी तिघांनी त्यांना फोन करून सांगितलं की अकरावी कविता नको होती. त्यांनी दुसऱ्या आवृत्तीत ती काढली आहे.