केन्सकृत तहाची चिकित्सा

पॅरिसच्या शांतता-परिषदेंतील ब्रिटिश अर्थखात्याचे प्रतिनिधि केन्स यांनीं जून १९१९ मध्यें राजीनामा दिला व वर्षअखेर ‘तहाचे आर्थिक परिणाम’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. जर्मनीस नागवून युरोप सुखी होणार नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. दोस्तांनीं परस्परांचीं कर्जें सोडावीं, ही सूचना तर ग्रंथाचें सार होय. विल्सन यांचें व्यक्तिचित्र मोठें झणझणीत—किंबहुना अंमळ अधिकच! परंतु क्लेमांसो? त्यांच्या हट्टामागें १८७० व १९१४ च्या स्वाऱ्यांची धास्ती होती. केन्स यांस तें वृद्धाचें धोरण वाटतें. ही उणीव एतिएन मांतू या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञानें दाखविली. त्याचें प्रत्युत्तर १९४६ सालीं छापून निघालें. तो स्वतः एप्रिल १९४५ मध्यें, दुसऱ्या महायुद्धांत, जर्मनीच्याच भूमीवर पडला होता.