बाह्य घटक : पण कुणाच्या बाहेरचे?

मंडळी, कापड्यात जनसंपर्कावर व्याख्यान, म्हणजे तुम्हाला हसू येणारच. इथं कोण कुणाच्या संपर्कात नाही? पण कंपन्या हेच काम पगारी माणसं ठेवून करवून घेतात आणि त्याचं शास्त्रही झालं आहे. श्रीरमेश आणि वेर्चिच यांनी संपादित केलेलं 'द ग्लोबल पब्लिक रिलेशन्स हँडबुक' (२००३) हा त्यातला महत्त्वाचा ग्रंथ. त्याचं म्हणणं असं, की तत्त्वं सगळीकडे सारखी, पण राज्यव्यवस्था, अर्थव्यवस्था, चळवळी, संस्कृती आणि प्रसारमाध्यमं हे बाह्य घटक देशागणिक वेगळे. म्हणून काम करण्याची रीतही वेगळी. अमेरिकेचा नमुना सगळ्या जगाला लावू नका, हे या मंडळींनी सांगितलं, ते चांगलंच केलं.

आमची शंका 'बाह्य' या शब्दाशी आहे. कशेडी घाट उतरलं की रत्नागिरी जिल्हा. तिथलंच गुहागर तालुक्यातलं एन्रॉनचं दाभोळ प्रकरण घेऊ. वीज मंडळाशी करार १९९३ चा. भारतीयांचं 'शिक्षण' आणि प्रकल्पाची तयारी यांवर सुमारे २ कोटी डॉलर खर्च केल्याचं कंपनीच्या अधिकाऱ्यानं १९९५ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीला सांगितलं. त्याच वर्षी सत्ताबदल झाला, करार रद्द झाला. पुढच्या वर्षी पुन्हा वाटाघाटी होऊन तो जिवंत झाला. १९९९ ला वीज आली. ती इतकी महाग, की २००१ मध्ये मंडळानं घेणंच थांबवलं.

आता बघा, ग्रंथातले घटक इथं हजर आहेत : सरकार, पैसा, आंदोलन, वर्तमानपत्रं. पण शिकायचं कुणी होतं? हा प्रकल्प परवडणारा नाही, असं सांगून जागतिक बँकेनं १९९३ सालीच कर्ज नाकारलं होतं. म्हणजे शंका घेणारा अडाणी नव्हता बरं का! त्याच्या शंकेला मात्र 'अडथळा' समजलं गेलं.

गावकऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर गाव, शेत, मासेमारी हे आतलं. कंपनी हाच बाह्य घटक. ग्रंथातलं वर्गीकरण कंपनीच्या खुर्चीत बसून केलेलं आहे, ही त्याची खरी उणीव. उद्या आपल्याकडे जनसुनावणी लागली, तर समोरच्याला आधी एवढंच विचारा : साहेब, ऐकायला आलात की शिकवायला?