पाने उरली, डाव मोडला

आमच्या अंजनवेलचा गोपाळगड वाशिष्ठीच्या मुखाशी उभा आहे. १८१८ साली इंग्रजांनी तो घेतला आणि त्याचे काम संपले. तटाच्या आत आंब्याची कलमे पाहतच आम्ही लहानाचे मोठे झालो. वास्तू उरावी नि तिचे प्रयोजन जावे, याचे आम्हांस नवल नाही. किल्ल्याला त्याचे जुने काम परत देता येत नाही, देऊही नये. परंतु सावंतवाडीस गंजिफा पाहताना हे समाधान मला पुरेना.

तेथे राजवाड्यात कारागीर मान खाली घालून ही वाटोळी पाने रंगवीत असतात. १९७०च्या सुमारास ही कला शेवटच्या घटका मोजीत होती. शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती शिकून घेतली, इतरांस शिकविली. हे ऋण मोठे आहे, आणि पुढे जे म्हणावयाचे आहे ते या ऋणाची जाणीव ठेवूनच. २०२४ साली या गंजिफांना भौगोलिक मानांकनही मिळाले.

पण खेळतो कोण? पाने चौकटीत बसतात, पेल्याखालच्या चकत्यांवर चढतात, दारांवर रंगतात. उदरनिर्वाहासाठी हे योग्यच आहे. कारागिराने उपाशी राहून परंपरा राखावी, असे म्हणणारा मी नव्हे. तरीही चित्र म्हणून पाहिले की पान बदलते. मत्स्याच्या पानावर मासे असतात, परशुरामाच्या पानावर परशू, ते हातातल्या पंख्यात कडेने दिसताच ओळखू यावेत म्हणून. भिंतीवर टांगलेल्या पानाला ही घाई नसते. मग नक्षी वाढते, खूण बुजते. मी पाहिलेल्या काही नव्या पानांत हा दोष मला स्पष्ट दिसला.

दशावतारी गंजिफा म्हणजे १२० पाने, दहा रंग, प्रत्येकात बारा. तिघांत वाटली की चाळीस चाळीस येतात. पाच रंगांत राजा-प्रधानानंतर दश्शी मोठी, उरलेल्या पाचांत एक्का! दिवसा पहिला मान रामाचा, रात्री कृष्णाचा. ही बुद्धी पानांवर रंगविलेली नाही; ती खेळणाऱ्यांच्या डोक्यात असते.

परत आल्यावर मी पुठ्ठ्याच्या चकत्या कापून नववीच्या मुलांना डाव शिकविला. आमची चित्रे ओबडधोबड. मासा कोणता नि कासव कोणते, यावरून पहिल्याच दिवशी भांडण झाले. एकाने विचारले, “गुरुजी, सूर्य डावाच्या मध्येच मावळला तर?” मला उत्तर येईना.

सावंतवाडीच्या मोती तलावाच्या काठी संध्याकाळी माणसे बसतात. तेथे एखादा साधा, स्वस्त, हाताळून मळलेला संच खेळावयास मिळाला असता, तर त्या मुलाचा प्रश्न मी तेथल्या एखाद्या आजोबांना विचारला असता.