टोपाखालचा माणूस

होळीच्या आधीच्या आठवड्यात मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात, डहीच्या परिसरात भगोरियाचे हाट, म्हणजे आदिवासींचे उत्सवी बाजार, भरतात. ज्या गावाचा जो बाजारवार, त्या दिवशी तिथला भगोरिया. मैत्रिणींचा अख्खा घोळका एकाच रंगाची वस्त्रं ठरवून येतो, गळ्यात चांदी झुलते. मुलगे फेट्याखाली गॉगल लावून मांदळाच्या तालावर नाचतात. फॅशनच्या मंचावर 'बोहेमियन' म्हणून जी बेफिकीर मिरवणूक मांडली जाते, तिला लागणारं सगळं या धुळीत आहे.

हा शब्दही दूरचा प्रवास करून आलेला. रोमा भटके बोहेमियातून आले, असा समज करून फ्रेंचांनी त्यांना ते नाव दिलं. त्यांचे पूर्वज भारतातून गेलेले. पुढे आंरी म्युर्जेच्या १८५१ च्या पुस्तकातून हे नाव पॅरिसच्या निर्धन कलावंतांना कायमचं चिकटलं, आणि शेवटी महागड्या झालरींना. ज्यांच्यावरून नाव पडलं, ते मात्र मंचावर कुठेच नाहीत.

शिरोभूषणांत हा तुटलेपणा सर्वांत ठळक दिसतो. डहीच्या दक्षिणेला नर्मदा, पलीकडे सातपुडा. त्याच डोंगररांगेत नंदुरबार जिल्ह्यातल्या काठीच्या राजवाडी होळीत मोरपिसांचे उंच टोप डोलतात. नाचणाऱ्यांच्या अंगावर ठिपक्यांची नक्षी, कमरेला घुंगरू आणि वाळलेले भोपळे. रूप विलक्षण खेळकर, पण त्यामागे नवस असतो आणि तो बोलणारा काही दिवस कडक नेम पाळतो. टोपाचा डौल त्या नेमातून येतो.

याच्या उलट उदाहरण २०१२ चं. व्हिक्टोरियाज सीक्रेटच्या न्यूयॉर्कमधल्या शोमध्ये अमेरिकी आदिवासींच्या पिसांच्या मुकुटाची नक्कल अंतर्वस्त्रांवर चढवली गेली. त्या समाजांत ती पिसं पराक्रमाने आणि मानाने मिळवायची असतात. संताप उसळला, कंपनीने माफी मागितली. पिसं तशीच होती, त्यांचा हिशेब मात्र कुणी विचारला नव्हता.

तरीही मंचावरची गंमत पोकळच असते, असं मी मानत नाही. टोप्यांचा कारागीर फिलिप ट्रेसी याची शिडांच्या जहाजाची टोपी फॅशन-संपादक इझाबेला ब्लोच्या डोक्यावर शोभली, कारण असल्या टोप्या हे तिचं रोजचं जगणं होतं. त्याच ट्रेसीकडे उमेदवारी केलेल्या मुंबईच्या शिल्पा चव्हाण 'लिटल शिल्पा' या नावाने बाजारातल्या साध्या, प्लॅस्टिकच्या वस्तूंतून शिरोभूषणं घडवतात. ती पाहताना मुंबईचा रस्ताच डोक्यावर चढल्यासारखा वाटतो. हे उसनं घेतलेलं नाही; त्या स्वतःच्या शहराशी खेळतात, म्हणून तो खेळ खरा वाटतो.

आज मंचावरच्या या कलेला कल्पनेची वाण नाही. वाण आहे ती कारणाची. झालर, पीस, नाणं, आरसा या वस्तू ज्या हातांतून आणि ज्या प्रसंगातून आल्या, त्यांचं नाव घेतलं जात नाही, मोबदला तर दूरच. डिझायनरने भगोरियाला जरूर यावं. मात्र फोटो काढून निघून न जाता चांदी घडवणाऱ्या सोनाराला आणि फेटा बांधणाऱ्या हातांना कामात, नावात आणि नफ्यात वाटेकरी करावं. काठीत टोप बघणाऱ्याला नवसाची गोष्ट त्या नाचणाऱ्याकडूनच ऐकता येते. मंचावरच्या टोपाखालीही असाच, आपली गोष्ट सांगू शकणारा माणूस हवा.