जीवाश्म खडकाचे वय सांगतात का?

'थरातील जीवाश्मांवरून खडकाचे वय कळते' हे वाक्य आपण वर्गात नेहमी सांगतो. ते खोटे नाही, पण अपुरे आहे, असे आम्हांस वाटते. चाळीसगावच्या विद्यार्थ्याची तर त्याने दिशाभूलच होते.

पाटणादेवीच्या डोंगरात खडकाचे आडवे थर स्पष्ट दिसतात. हे वाक्य पाठ केलेला विद्यार्थी तेथे जीवाश्म शोधू लागेल. परंतु हे थर गाळाचे नाहीत, लाव्हाचे आहेत. तापलेल्या लाव्हात जीवाश्म कोठून मिळणार?

मग येथे जीवाश्म निरुपयोगी ठरतात का? नाही. चाळीसगावपासून सुमारे ८०० किलोमीटरवर, आंध्रातील राजमहेंद्रीजवळ, दख्खनच्या लाव्हाचे थर आढळतात आणि त्यांच्या मध्ये समुद्रात साचलेला गाळ आहे. त्यात फोरॅमिनिफेरा या एकपेशीय जीवांची कवचे सापडतात. ती बहुधा मिलिमीटरहूनही लहान असतात. त्यांच्या तरंगत्या जाती समुद्रांत दूरवर पसरत आणि झपाट्याने बदलत. म्हणून थर जुळवण्यास त्या डायनोसॉरच्या हाडांपेक्षा सोयीच्या. डायनोसॉर नष्ट झाले तेव्हा यांतील बहुतेक जातीही संपल्या व नव्या आल्या. राजमहेंद्रीच्या गाळात अशा नव्या जाती आहेत, हे गेर्टा केलर व सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवले. ज्वालामुखीचा मुख्य टप्पा त्या संहाराच्या सुमारास संपला, असा निष्कर्षही त्यांनी काढला.

येथे पुरावा आणि निष्कर्ष वेगळे करून पाहिले पाहिजेत. गाळाखालचा लाव्हा गाळाहून जुना, हे पक्के. पण किती जुना, हे कवचे सांगत नाहीत. तो सह्याद्रीतील कोणत्या थराशी जुळतो, हे रासायनिक घटक व चुंबकीय दिशा यांवरून ठरवावे लागते. संहाराला सुमारे ६.६ कोटी वर्षे झाली, हा आकडा मिळतो तो किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या ऱ्हासावरून. तेथेही मतभेद आहेत. २०१९ साली एका गटाने संहाराच्या थोडे आधी मोठा उद्रेक झाल्याचे सांगितले. दुसऱ्या गटाच्या मते बहुतांश लाव्हा संहारानंतर आला.

तेव्हा वाक्य असे बदलावे : जीवाश्म थरांचा क्रम सांगतात आणि दूरचे थर जुळवतात, वर्षे मोजण्यास दुसरे घड्याळ लागते. आणि परीक्षेत केवळ वय न विचारता ते कोणत्या पुराव्यावरून कळले, हेही विचारावे.